मी जांभळीवरून पडलो नव्हतो

दादा, तुझं नाक माझ्याकडे आहे. आकार माझ्या नाकाचा, रंग तुझ्या कातडीचा, प्लास्टिकच्या डबीत कापसावर ठेवलेलं. हे दुसरं. हे तू एकदाही लावलं नाहीस. तयार झाल्याचा फोन आला तेव्हा तुला जाऊन अकरा दिवस झाले होते.

मंडळाची पोरं परवा घरी आली होती. तुझी शोकसभा मैदानावर घेणार आहेत आणि तिथे वाटायला चार पानांचं पत्रक छापणार आहेत. "काका, दोन पानं तुमी लिवा. आमाला दादा मैदानावरचेच माहीत, घरातले तुमालाच." मी विचारलं, काय लिहू? "चांगलं लिवा," म्हणाली. मी म्हटलं, खरं लिहीन. त्यांना दोन्हींत काही फरक वाटला नाही. तुला वाटला असता.

तुझा जन्म, तुझी शेती, हातात माइक धरून तू किती वर्षं टेनिस बॉलच्या सामन्यांचं समालोचन केलंस, हे पहिल्या पानावर कोणीतरी लिहीलच. मी एकाच गोष्टीबद्दल लिहिणार आहे, कारण आपल्या दोघांत शेवटपर्यंत तीच राहिली. मी नऊ वर्षांचा होतो, तू तेरा. वैशाखाचे दिवस होते. खालच्या शेताच्या बांधावर जांभळीखाली तू गलोल ओढलीस आणि खडा माझ्या नाकावर बसला. घरी जाऊन तू सांगितलंस, सुऱ्या जांभळीवरून पडला. मी झाडावर चढलोच नव्हतो. हे एवढंच मला एकदा तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. त्रेचाळीस वर्षं मी त्याची वाट पाहिली.

तू का खोटं बोललास ते मला नवव्या वर्षीही कळलं होतं. आदल्या आठवड्यात तू गलोलीने शेजारची दोन कौलं फोडली होतीस आणि बाबांनी सांगितलं होतं, पुन्हा हातात दिसली तर हात मोडीन. घाबरलास, खोटं बोललास. एवढंच असतं तर मी विसरलोही असतो. पण मी रक्ताने माखलेल्या तोंडाने खरं सांगितलं, बाबांनी तुझ्याकडे पाहिलं, आणि तू परत बांधावर गेलास. जांभळीची एक ओली फांदी मोडून आणलीस आणि बाबांच्या पुढे ठेवलीस. "ही बघा, हिच्यासकट पडलाय." पळत गेलास आणि पळत आलास. तेवढ्या वेळात तुला थांबता आलं असतं.

मार मला बसला. झाडावर चढलो म्हणून एकदा आणि भावाचं नाव घेतलं म्हणून दुसऱ्यांदा. नाक कोणी दाखवायला नेलं नाही, ते तसंच वाकडं जुळलं. डाव्या नाकपुडीने मला आजही नीट श्वास येत नाही. त्याचं काही नाही, एका नाकपुडीवरही माणूस जगतो. पण त्या दिवसापासून बाबा मला लबाड म्हणायला लागले. रागाने नाही, सवयीने, जसं कोणाला बाळ्या म्हणावं तसं. मला नोकरी लागली तेव्हा पेढा खाऊन म्हणाले, "लबाडाला सरकारनं नोकरी दिली." शेवटच्या आजारात मी नर्सला सांगत होतो की बाबा सकाळपासून दोनशे मिली पाणी प्यायले आहेत, तर उशीवरून म्हणाले, "थोरल्याला विचारा. ह्यो लबाड हाय." तू पलंगाच्या पायथ्याशी उभा होतास. हसलास. दादा, ते दोनशे मिली मी मापाने मोजलेले होते.

माझं काम तुला कधी कामासारखं वाटलं नाही. तानशाच्या अलीकडच्या एका लहान तलावावर रोज सकाळी आठ वाजता पट्टीवर पाण्याची पातळी वाचायची आणि वहीत लिहायची. "पाणी बघायचा पगार," असं तू म्हणायचास. मी सत्तावीस वर्षं पाणी बघतो आहे. पट्टी दोनदा वाचतो, मगच लिहितो. आमच्या वहीत खोडरबर चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचा चुकीचा आकडाही वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही करायची. हे मला कोणाला शिकवावं लागलं नाही. ज्याचं खरं एकदा खोटं ठरलं आहे, त्याला असल्या वहीजवळ बरं वाटतं.

मग तुझं दुखणं आलं. नाकाच्या आत गाठ होती. ती काढताना डॉक्टरांना नाकच काढावं लागलं. तोंडाच्या मधोमध खड्डा राहिला. तू रुमाल बांधायला लागलास. थोड्याच दिवसांत मास्कचा काळ आला आणि खरं सांगायचं तर ती दोन वर्षं तुझी बरी गेली. सगळ्यांचीच तोंडं झाकलेली. पुढे एकेकाचा मास्क उतरत गेला आणि मुरबाडच्या बाजारात झाकलेल्या तोंडाचा तू एकटा उरलास. आवाजही गेला होता. हवा मधूनच निसटायची, शब्द पोकळ यायचे. माइक तू फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवलास.

वहिनीचा फोन आला. "भावजी, शहरात नाक करून देतात म्हणं. हे माझं ऐकत नायत. तुमी न्या." मी नेलं. एकदा नाही, आठ वेळा. ही आठ वेळांची गोष्ट मी उपकार म्हणून लिहीत नाही. आकडा आहे म्हणून लिहितो.

त्या दंत महाविद्यालयात खाली दातांची गर्दी असते, वरच्या मजल्यावर कान, डोळे, टाळू, नाकं करतात. तिथल्या मॅडम वयाने आपल्या मुलांएवढ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी जुने फोटो मागितले, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. ऑपरेशनच्या आधीचा सीटी स्कॅन होता, पण तोवर गाठीने नाक फुगलेलं, त्यावरून मूळ आकार कळत नव्हता. मी आणि वहिनीने ट्रंक उपसली. तू असलेले चौसष्ट फोटो निघाले. बाजूने काढलेला एकही नाही. आपल्याकडे फोटो म्हणजे समोर बघायचं, हात गुडघ्यांवर ठेवायचे, श्वास रोखायचा. बाजूने कोण कोणाचा फोटो काढतो? लग्नातल्या दोन फोटोंत तू वहिनीकडे वळला आहेस, पण दोन्हींत मुंडावळ्या आणि बाशिंगाच्या झिरमिळ्या बरोबर नाकावर. मॅडम हसल्या. "इथं गावाकडून येणारे सगळे हेच आणतात. तोंड वळलेलं असतं ते लग्नातच, आणि नेमकं नाकावर मोती." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सख्खे भाऊ ना? मग प्रश्न मिटला."

माझ्या गालांवर आणि कपाळावर बारीक टिकल्या चिकटवल्या. इस्त्रीएवढं एक यंत्र हातात धरून त्या माझ्याभोवती फिरल्या. त्यातून पांढरा उजेड लपलप करत होता. डोळे मिटायला सांगितले होते, म्हणून मी मनात अंक मोजले. एकशे चाळीस झाले तेव्हा म्हणाल्या, झालं. पडद्यावर माझा चेहरा आला होता, ओल्या मातीचा करावा तसा राखाडी, रंग नाही, केस नाहीत. शेजारी तुझा, मध्ये खड्डा असलेला. त्यांनी माझ्या नाकाभोवती रेघ ओढली, ते उचललं आणि तुझ्या तोंडावर नेऊन ठेवलं. कडा गालांत मिसळल्या.

तू पुढे वाकलास. "आयला," म्हणालास, "हे तर बाबा."

खरंच बाबा होते. तुझे डोळे, तुझी हनुवटी आणि माझं नाक, की बाबा तयार. मला आयुष्यभर लबाड म्हणणारं तोंड मीच पुरं करून दिलं होतं.

मॅडमनी कपाळापासून हनुवटीपर्यंत एक सरळ रेघ ओढली. नाकाचं हाड त्या रेघेच्या डावीकडे झुकलेलं दिसत होतं. त्यांनी मापलं. दोन पूर्णांक सहा मिलिमीटर. "काका, कधी मार लागला होता का?"

मी तोंड उघडायच्या आत तू बोललास. "जांभळीवरनं पडलाय तो. बारीक असताना."

"पडून?" त्या पडद्यावरचा चेहरा फिरवत होत्या. "उजव्या बाजूनं काहीतरी जोरात बसल्यासारखं वाटतंय. पडून असं कमी होतं."

"मग उजवीकडनं फांदी लागली असंल."

मी मोठ्याने हसलो. त्या विभागात मी तेवढा एकदाच हसलो. तुझ्याकडे नाक नव्हतं, पुढ्यात माझं मोडलेलं नाक मिलिमीटरमध्ये मोजून ठेवलेलं होतं, आणि तू अजून ती फांदी सोडायला तयार नव्हतास.

मॅडम म्हणाल्या, "सरळ करू का? एका क्लिकचं काम आहे."

"नको," मी म्हटलं. "जसं मोजलंय तसं छापा."

"पण लावायचं त्यांना आहे. त्यांना विचारायला हवं."

तू पडद्याकडे बघत राहिलास. मग म्हणालास, "तो बोलंल तसं करा. नाक त्याचं हाय."

मी ते तुझ्यावरच्या प्रेमाने सांगितलं नव्हतं, दादा. ते वाकडेपण तू रोज सकाळी स्वतःच्या हाताने स्वतःच्या तोंडावर चिकटवावंस, असं मला वाटत होतं. आरशात बघशील तेव्हा तरी तुला गलोल आठवेल, असा हिशोब होता.

पुढचं काम बघायला मला आवडलं, तेही लिहिलं पाहिजे. मला वाटत होतं की यंत्रातून नाकच छापून बाहेर येतं. तसं नसतं. छापला जातो तो साचा. पातळ राळेच्या भांड्यावर खालून उजेड पडतो, जिथे पडतो तिथे राळ घट्ट होते, आणि केसापेक्षा पातळ अशा थरांवर थर चढत दोन भागांचा साचा तयार होतो. त्यात ओतायचं सिलिकोन मात्र माणूस हाताने रंगवतो. मॅडमनी तुला खिडकीत बसवलं, ट्यूबलाइट बंद केली आणि तुझ्या गालाजवळ काच धरून त्यावर रंग कालवत बसल्या. पिवळा, तांबडा, तपकिरी, कणभर निळा. शेवटी तांबडे बारीक धागे कापून मिसळले, शिरांसारखे दिसावेत म्हणून. दीड तास लागला. घाई नाही, अंदाज नाही. आपल्या घरात असं कोणी काही केलेलं मी पाहिलं नव्हतं.

कडेला डिंक लावून ते बसवलं, वर जाड काड्यांचा चष्मा दिला. तू आरसा हातात घेतलास. तोंड डावीकडे, उजवीकडे वळवून पाहिलंस. मग म्हणालास, "हॅलो. हॅलो. माइक टेस्टिंग." आणि आवाज आला, दादा. भरलेला, तुझा. वहिनीने पदर तोंडाला लावला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. त्या दिवशी मला तू हवा होतास, हे मी इथे लिहून ठेवतो, कारण पुढे जे लिहायचं आहे त्यात ते दिसणार नाही.

जानेवारीतल्या सामन्यांना तू मला मुद्दाम बोलावलंस. कपाटावरचा माइक खाली आला होता. मैदानाच्या पलीकडे सिद्धगड स्वच्छ दिसत होता. चार कर्णे होते, दोन मैदानाकडे, दोन गावाकडे तोंड केलेले. फायनलचा सामना, शेवटची तीन षटकं राहिली होती, बॉल शेतात हरवला म्हणून खेळ थांबला होता. रिकामा वेळ तुला कधी सोसला नाही.

"मंडळी, बॉल सापडंपर्यंत माझ्या नाकाकडं बगून घ्या! सगळे चोरून बगतायत, मला दिसतंय. हे नाक माझं नाय, माझ्या भावाचं हाय. कंप्युटरवर काढून छापलंय. त्यो बगा खुर्चीवर बसलाय, ऊठ रे सुऱ्या, ऊठ!"

मी उठलो. तू ऊठ म्हणालास म्हणून उठलो.

"जरा वाकडं हाय, समजून घ्या. आमचा सुऱ्या बारीक असताना जांभळीवरनं पडला, आनी घरी येऊन नाव माझं सांगितलंन! तवापासून मी शिक्षा भोगतोय, आता तर तोंडावरच लावून फिरतोय!"

मैदान हसलं. गावाकडच्या कर्ण्यांतून ते गावातही गेलं. चाळिशीतली माणसं पाठीवर थाप मारून म्हणाली, काय काका, कुठली जांभळी? मी उभाच होतो. नऊ वर्षांचा असताना ते घरातल्या चौघांत झालं होतं. बावन्नाव्या वर्षी तू ते माइकवर केलंस, माझंच नाक लावून, माझ्याच नाकामुळे परत आलेल्या आवाजात. बॉल सापडला. मी मोटारसायकल काढली आणि आसनगावला घरी आलो.

त्यानंतर सात महिने मी तुझ्याशी बोललो नाही. वहिनीने विचारलं तर सांगितलं, कामं आहेत. मग तिने कळवलं की गाठ आता फुप्फुसात गेली आहे. मी दवाखान्यात दोनदा आलो. दोन्ही वेळा तू झोपला होतास. मी तुला उठवलं नाही. पहिल्यांदा चाळीस मिनिटं बसलो, दुसऱ्यांदा पंचवीस.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते.

तू गेलास त्या सकाळी तुला अंगणात आणलं तेव्हा नाक तोंडावर होतं. वहिनीने स्वतः लावलं होतं. ते केल्यापासून त्याच्याशिवाय तू एकदाही बाहेर पडला नव्हतास. कोणीतरी म्हातारं म्हणालं, "कवळी, चष्मा काढतात ना, तसं ह्येबी काढायला पायजे. जन्माचं नाय ते संगती जात नाय." दुसरं म्हणालं, राहू दे. वहिनी म्हणाली, "नका काढू. लोकं तोंड बघायला येतील." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. सख्खा भाऊ मी एकटाच.

मी म्हटलं, "काढा. सिलिकोन आहे, नीट जळणार नाही."

ते जळतं की नाही, मला माहीत नव्हतं, दादा. आजही माहीत नाही. जन्मात पहिल्यांदा मी न मोजता, न वाचता एक कारण सांगितलं, आणि सगळ्यांनी ते लगेच मानलं, कारण सुरेश कधी चुकीचं सांगत नाही. मला फक्त ते तुझ्या तोंडावरून उतरलेलं पाहायचं होतं. वहिनीने कडेने हळू सोडवलं. बाया दुसरीकडे बघायला लागल्या. मैदानावरची पोरं पुढे आली होती ती मागे सरली. कोणीतरी पांढरा पंचा आणून तुझ्या तोंडावर टाकला आणि तू तसाच गेलास, रुमालातल्या दिवसांसारखा. ज्यांना तू आवाजाने हसवलंस, त्यांतल्या कोणालाही तुझं तोंड बघायला मिळालं नाही.

अकराव्या दिवशी मॅडमचा फोन वहिनीला आला, नवीन नाक तयार आहे म्हणून. उन्हाने पहिल्याचा रंग उडत चालला होता आणि तू दुसरं करायला टाकलं होतंस, हे मला माहीतच नव्हतं. मी आणायला गेलो. तू गेल्याचं सांगितलं. मॅडमनी डबी काढून माझ्यापुढे ठेवली.

"ते एकटेच आले होते. मी म्हटलं, काका, आज भाऊ नाहीत बरोबर, सांगत असाल तर या वेळी सरळ करून देते. तर नको म्हणाले."

"काय म्हणाले नक्की?"

"म्हणाले, वाकडं राहू दे, ते मी केलेलं हाय. गलोलीनं. मी म्हटलं, मग ते झाडावरून पडल्याचं? तर म्हणाले, ती फांदी मी मोडून आणली व्हती."

मी खिशातली वही काढली आणि त्यांना सावकाश पुन्हा सांगायला लावलं. त्यांना ते विचित्र वाटलं असेल. त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "मी विचारलं त्यांना, भावाला सांगितलंत का? तर म्हणाले, सांगंन. तुमी नका सांगू, माझं मी सांगंन."

त्यांनी रजिस्टर बघून तारीख दिली. वेळ तीनची होती. घरी येऊन मी फोनमधली यादी काढली. त्या दिवशी चार वाजून वीस मिनिटांनी तुझा फोन आहे, मी न घेतलेला. त्यानंतर आणखी आठ. एकूण नऊ. त्याआधीच्या पाच महिन्यांत एकही नाही. पट्टीवरचं पाणी वाचावं इतकं ते स्पष्ट आहे, आणि तरी मी ते सिद्ध करू शकत नाही. कदाचित तुला तेच सांगायचं असेल. कदाचित तू फोनवर पुन्हा म्हणाला असतास, मस्करी केली रे, रागावतोस काय.

आणि तुला सांगतो, यामुळे माझा राग कमी झाला नाही. वाढला. त्रेचाळीस वर्षं मी ज्यासाठी थांबलो ते तू कंप्युटरपुढे बसलेल्या एका परक्या मुलीला देऊन आलास. तिला त्याचं काय करायचं होतं? तुझ्या घरापासून माझं दार एकेचाळीस किलोमीटर आहे. समालोचनाला तू याच्या दुप्पट लांब गेला आहेस, तेही ताप अंगात असताना. फोन उचलला नाही तर माणूस दारात येतो. तू माइकवर खोटं बोललास आणि खरं बोललास ते बंद खोलीत. बाबा तर गेलेच, त्यांना आता कोण सांगणार?

हे मी तुला समोर उभं करून म्हटलं असतं तर तू म्हणाला असतास, "मंग उचलायचा ना फोन." बरोबर आहे. नऊ फोन मी उचलले नाहीत. दवाखान्यात पासष्ट मिनिटं बसून तुला उठवलंही नाही.

त्या दिवशी मी डबी घेऊन निघताना मॅडमनी विचारलं, तुमच्या चेहऱ्याची फाइल काढून टाकू का? राहू द्या, म्हटलं. आमच्या घरात लागते.

तेव्हा आता पत्रक वाचणाऱ्यांसाठी दुरुस्ती लिहितो, आमच्या वहीतल्या पद्धतीने, खालचं वाचता येईल अशी. मैदानावर चार कर्ण्यांवरून सांगितलं गेलं की सुरेश जांभळीवरून पडला. ते खोटं. त्याला त्याच्या भावाने गलोलीने मारलं, आणि भावाने तसं मरण्यापूर्वी दोन महिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. तुला जाळायला नेताना मी सांगितलं की सिलिकोन जळत नाही. तेही न वाचता लिहिलेला आकडा होता. ज्यांनी ते ऐकलं, त्यांनी तेही खोडावं. नाक तुझ्या तोंडावर राहायला हवं होतं. वहिनीचं बरोबर होतं. तिला मी हे कालच सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आता सांगताय, भावजी?" आणि आत गेली. तिने ते शब्द कुठून उचलले, मला माहीत आहे. मी तुझ्याबद्दल दिवसभर तेच म्हणत होतो.

आज सकाळी शहापूरला फ्लेक्सच्या दुकानात गेलो होतो. मंडळाने नाक्यावर लावायला दहा बाय सहाचा बोर्ड सांगितला आहे, आणि फोटो बघून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. पोरांनी निवडलेला फोटो जानेवारीतल्या त्याच दिवसाचा आहे. हातात माइक, तोंड अर्धं मैदानाकडे वळलेलं. चौसष्ट फोटोंत जो नव्हता तो हा, बाजूने काढलेला. दुकानदाराने तो पडद्यावर मोठा केला, तुझ्या डोळ्यांखालचं काळं घालवलं, गालावरचा डाग पुसला, मग बाण नाकावर नेऊन थांबला.

"काका, नाक थोडं वाकडं दिसतंय. सरळ करून देऊ? बोर्डावर बरं दिसंल."

"नको. तसंच राहू दे."

"तुमचे कोण?"

"थोरला भाऊ."

त्याने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. पुन्हा पडद्याकडे. "तुमचंबी तसंच हाय की. सेम टू सेम." तो हसला. "घराण्यातच हाय का? की पडला व्हतात?"

"पडलो नव्हतो," मी म्हटलं. "ह्यानं गलोलीनं मारलं व्हतं. लहानपणी."

"आयला," तो म्हणाला. "भाऊ असाच असतो." आणि फोटोखाली तुझं नाव टाइप करायला लागला.

एवढंच, दादा. त्याने फांदी मागितली नाही.